दूध कमी नाही, आईला उसंत कमी आहे

“सिस्टर, अंगावरचं दूध पुरतच नाही. बाळ सारखं रडतं. डबा लावू का?”

वस्तीत बाळंतिणीला भेटायला गेलो की हा प्रश्न हमखास येतो. कधी आई विचारते, कधी आजी, कधी दारात उभी असलेली शेजारची मावशी. प्रश्नाआधीच पुष्कळदा बाटली घरात आलेली असते.

मागच्या उन्हाळ्यात अशाच एका पत्र्याच्या खोलीत आम्ही गेलो. बाळ दोन महिन्यांचं. जन्माच्या वेळी पावणेतीन किलो होतं, आता जेमतेम तीन किलो भरलं. डोळे खोल गेलेले, टाळू बसलेली, तीन दिवस पातळ जुलाब. आई चार घरची धुणीभांडी करणारी. चाळिसाव्या दिवशी कामावर गेली, कारण सुट्टी वाढवली तर घरं हातची जातात. मग आजीने मेडिकलवाल्याकडून उधारीवर पावडरचा डबा आणला. महाग डबा, लवकर संपू नये म्हणून तीन चमच्यांच्या जागी एक चमचा. पाणी पिंपातलं. बाटली एकच, ती नुसती विसळायची.

आजीची चूक म्हणावी का? तिला नातू जगवायचा होता. आईचा हलगर्जीपणा म्हणावा का? ती पोटासाठी पळत होती. बाळाला आधी सरकारी दवाखान्यात भरती केलं, सलाइन लागलं. ते सावरल्यावर त्याला पुन्हा अंगावर घ्यायला सुरुवात केली. दर दोन तासांनी छातीला लावायचं, मधल्या वेळी वाटी-चमच्याने पाजायचं, बाटली बंद. नणंदेने दोन घरची कामं तात्पुरती उचलली. तीन आठवड्यांत वरचं दूध पूर्ण सुटलं. म्हणजे त्या आईच्या अंगात दूध होतंच. तिला बाळाजवळ बसायला वेळ नव्हता आणि वेळ काढून देणारं कोणी नव्हतं.

आजच्या लेखात आम्हाला हेच सांगायचं आहे.

दूध तयार कसं होतं?

आईच्या छातीत दुधाची टाकी नसते, की एकदा भरली आणि रिकामी झाली. बाळ जितकं ओढेल तितकं दूध तयार होतं. बाळ ओढायला लागलं की आईच्या मेंदूला निरोप जातो. मेंदूतून दोन रस निघतात. एक दूध तयार करतो, दुसरा पान्हा सोडतो. रात्रीच्या पाजण्याने पहिला रस जास्त तयार होतो. म्हणून “रात्री बाटली द्या, आईला झोपू द्या” हा सल्ला मायेने दिलेला असला तरी दूध आटवणारा आहे.

आता बाटली आल्यावर काय होतं ते बघा. वरच्या दुधाने बाळाचं पोट भरतं, ते छातीला कमी लागतं. कमी ओढलं म्हणून दूध कमी तयार होतं. मग घरचे म्हणतात, “बघा, दूध नाहीच हिला.” बाटली वाढते, दूध आणखी घटतं. दुधाच्या कमतरतेवर उपाय म्हणून आलेली बाटली स्वतःच कमतरता तयार करते.

पान्हा सोडणारा जो दुसरा रस आहे, तो आईच्या मनाशी जोडलेला आहे. भांडण, धास्ती, दुखणं, दारू पिऊन आलेला नवरा, यांनी पान्हा अडतो. दूध आत असतं, पण उतरत नाही. म्हणून बाळंतिणीला टोचून बोलणं म्हणजे बाळाच्या तोंडचा घास अडवणं आहे.

पहिला तास आणि चीक

जन्मल्यावर पहिल्या तासाच्या आत बाळाला आईच्या उघड्या छातीवर ठेवायचं आणि पाजायला लावायचं. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत दिसलं, की देशात १०० पैकी जवळपास ८९ बाळंतपणं दवाखान्यात होतात. पण पहिल्या तासात अंगावर घेतलेली बाळं १०० पैकी ४२ च आहेत. बाई दवाखान्यापर्यंत पोहोचली, तरी पुढचं काम राहून गेलं.

यात आमच्यासारख्यांचाही दोष आहे, तो कबूल करायला हवा. वॉर्डात ड्युटी करताना सिझर झालेल्या बाईचं बाळ आम्ही वेगळ्या पाळण्यात ठेवत असू आणि नातेवाइकांच्या हातात पावडरची चिठ्ठी देत असू. गर्दी होती, हात कमी होते, पण ते चूक होतं. सिझर झालं तरी आई शुद्धीवर असेल आणि दोघांची तब्येत बरी असेल, तर बाळ लवकरच अंगावर घेता येतं. टाके दुखत असतील तर आईला कुशीवर झोपवून बाळ जवळ द्यावं. नर्सला तसं मागा. मागायला लाजू नका.

पहिले दोन-तीन दिवस येणारं पिवळसर, दाट दूध म्हणजे चीक. “ते घाण असतं, पिळून टाका” असं अजून काही घरांत सांगतात. आता सांगा, गाय-म्हैस व्याली की तिच्या चिकाचा खरवस आपण आवडीने खातो. जनावराचा चीक चवीचा आणि माणसाच्या आईचा चीक घाणेरडा, हा कुठला न्याय? चिकात रोगाशी लढणारी द्रव्यं ठासून भरलेली असतात. बाळाची ती पहिली लसच समजा. तो चमचा-दोन चमचेच निघतो, कारण पहिल्या दिवशी बाळाच्या एवढ्याशा पोटाला तेवढंच लागतं.

आपल्या घरांनी पाचवी-सटवाईची पूजा सोडली. पण मध, गूळपाणी, जनमघुटी यांना अजून सोडलेलं नाही. एक वर्षाच्या आतल्या बाळाला मध देऊच नये. त्यातून गंभीर विषबाधा होऊ शकते. घुटी उगाळायची सहाण, तिच्यावरचं पाणी, बोट, यांतून जंतू पोटात जातात. कारण तपासल्याशिवाय रूढी पाळायची नाही हे आपण शिकलो आहोत, मग पाळण्यापाशीही तोच नियम लावू या.

सहा महिने फक्त अंगावरचं

पहिले सहा महिने बाळाला आईच्या दुधाशिवाय काहीच नको. पाणीसुद्धा नको. डॉक्टरांनी दिलेले औषधाचे थेंब, जीवनसत्त्वाचे थेंब आणि गरज पडल्यास ओआरएस तेवढं चालतं.

“मे महिन्यात पत्र्याखाली बाळाचा घसा सुकेल की!” असं आज्या म्हणतात. काळजी बरोबर आहे, उपाय चुकीचा आहे. आईच्या दुधात ८७-८८ टक्के पाणीच असतं. उन्हाळ्यात बाळाला जास्त वेळा छातीला लावा आणि पाण्याचा तांब्या आईसमोर ठेवा.

दूध पुरतं की नाही हे रडण्यावरून ठरवू नका. बाळ उकाड्याने रडतं, ओलं झाल्याने रडतं, कुशीत यायचं म्हणूनही रडतं. खऱ्या खुणा दोन आहेत. एक, पहिला आठवडा संपल्यावर, फक्त अंगावर पिणाऱ्या बाळाने दिवसरात्रीत सहा किंवा जास्त वेळा शू केली पाहिजे. दोन, वजन वाढलं पाहिजे. पहिल्या काही दिवसांत वजन थोडं उतरतं, दोन आठवड्यांत ते भरून येतं. पुढे सुरुवातीच्या महिन्यांत महिन्याला निदान अर्धा किलो वाढ हवी. अंगणवाडीत किंवा आशाताईकडे वजन करा आणि कार्डावर लिहून घ्या. शू कमी आणि वजन थांबलेलं असेल, तर घरी डबा लावण्याआधी दवाखान्यात दाखवा.

पाजायचं कसं?

ही गोष्ट आपोआप येते असं सगळे समजतात. तसं नसतं. पहिलटकरणीला शिकवावंच लागतं.

आईने पाठ टेकून बसावं. बाळाकडे वाकू नये, बाळाला छातीकडे आणावं. बाळाचं डोकं, मान आणि पाठ एका रेषेत, पोट आईच्या पोटाला लागलेलं. बाळाने तोंड मोठं उघडलं की छातीला लावावं. नुसती बोंडी तोंडात देऊन चालत नाही. भोवतीचा काळा भागही बराचसा आत गेला पाहिजे. हनुवटी छातीला टेकलेली आणि खालचा ओठ बाहेर वळलेला दिसला की पकड बरोबर. मग आईला दुखत नाही आणि बाळाच्या गिळण्याचा आवाज ऐकू येतो.

दिवसरात्रीत आठ ते बारा वेळा पाजावं. एका बाजूचं पूर्ण पिऊ द्यावं, मग दुसरी बाजू. शेवटी येणाऱ्या दुधात स्निग्धांश जास्त असतो, त्याने बाळाचं वजन वाढतं.

बोंडीला चीर पडली तर बहुतेक वेळा पकड चुकलेली असते. पकड सुधारा आणि पाजून झाल्यावर स्वतःचंच थोडं दूध चिरेवर लावून वाळू द्या. छाती दगडासारखी भरली तर कोमट फडक्याने शेकून हाताने थोडं दूध काढा, म्हणजे बाळाला धरता येईल. छातीचा एखादा भाग लाल, गरम झाला आणि ताप आला तर दवाखान्यात जा, पण पाजणं थांबवू नका. दूध साचलं तर दुखणं वाढतं.

आईच्या अंगाचं काय?

बाळाच्या नादात आईकडे कोणी बघत नाही. बाळ जन्मताच पाजलं की गर्भपिशवी आकसते आणि रक्तस्राव कमी होतो. पहिल्या दिवसांत पाजताना पोटात कळ येते ती यामुळेच, घाबरू नका. पाजणाऱ्या बाईला पुढे स्तनाच्या आणि बीजकोषाच्या कर्करोगाचा धोका कमी राहतो.

पाळणा लांबवायलाही याचा उपयोग होतो, पण तीन अटी एकदम पाळल्या तरच: बाळ सहा महिन्यांच्या आतलं हवं, पाळी परत आलेली नको आणि दिवसरात्र फक्त अंगावरचंच दूध हवं. एक अट जरी सुटली तरी दिवस जाऊ शकतात. म्हणून दवाखान्यातून निघतानाच तांबी किंवा दुसऱ्या साधनाबद्दल विचारून घ्या. “ती पाजतेय, काही होत नाही” या नवऱ्याच्या भरवशावर राहू नका.

पाजणाऱ्या आईला रोजच्यापेक्षा जास्त अन्न लागतं. रोज दोन भाकरी, वाटीभर वरण आणि मूठभर शेंगदाणे-गूळ जास्तीचे, असा साधा हिशेब धरा. पण आपल्याकडे उलटंच होतं. डाळ बंद, पालेभाजी बंद, पाणी मोजून. हे पथ्य म्हणजे उपासमार आहे. डिंकाचे लाडू, हळीवाची खीर परवडली तर उत्तम. नाही परवडली तर अंडी, सुकट-बोंबील, मेथी-शेपू, हरभरा, बाजरीची भाकरी हे आपल्याच चुलीवरचं अन्न पुरेसं आहे. आईला भूक भागेपर्यंत खाऊ द्या आणि तिला सगळ्यांच्या शेवटी बसवू नका.

लोहाच्या गोळ्या बाळंतपणानंतरही सहा महिने रोज घ्यायच्या असतात. सरकारी दवाखान्यात त्या फुकट मिळतात. चहासोबत घेऊ नका, चहाने लोह अंगी लागत नाही. लिंबू पिळलेल्या जेवणानंतर घेतल्या तर चांगलं.

आणि एक कडू गोष्ट. मशेरी म्हणा, मिश्री म्हणा, तंबाखू किंवा खर्रा म्हणा, त्याचं विष दुधातून बाळाच्या अंगात जातं. बाळंतपण ही सोडायची चांगली वेळ आहे. मात्र सुटत नाही म्हणून पाजणं बंद करू नका. पाजण्याआधी हात-तोंड धुवा आणि सोडायला मदत मागा.

टीबी झालेल्या आईनेही औषध चालू ठेवून, तोंडाला मास्क बांधून पाजावं. बाळाच्या औषधाचं डॉक्टर सांगतील. एचआयव्ही असेल तर एआरटी केंद्राच्या सल्ल्यानेच ठरवा, शेजारपाजारच्या बोलण्यावर नको.

काही मोजक्या आयांना खरंच दूध कमी असतं, काही बाळांची आई दगावलेली असते. अशा घरांना आम्ही दोष देत नाही. त्यांनी डॉक्टरांना विचारून, मोजून, उकळलेल्या पाण्यात, वाटी-चमच्याने दूध द्यावं. कमी दिवसांच्या, अशक्त बाळांसाठी मोठ्या रुग्णालयांत मातृदुग्ध पेढ्या असतात. आशियातली पहिली अशी पेढी मुंबईत सायन रुग्णालयात १९८९ मध्ये सुरू झाली.

कामावर जाणाऱ्या आईने काय करावं?

कामावर जाण्याआधी आणि आल्यावर लगेच पाजा. रात्री पाजत राहा. मधल्या वेळेसाठी दूध हाताने काढून ठेवा. हात साबणाने धुवा. अंगठा आणि पहिली बोटं काळ्या भागाच्या कडेला ठेवा, छातीकडे आत दाबा आणि मग बोटं जवळ आणा. दाबत, सोडत, जागा बदलत दूध काढा. उकळून घेतलेल्या झाकणाच्या स्टीलच्या भांड्यात ठेवा. घरातल्या गार जागी चार तास, फ्रिजमध्ये एक दिवस टिकतं. कडक उन्हाळ्यात पत्र्याच्या खोलीत मात्र चार तासही धरू नका, लवकर पाजून टाका. हे दूध गॅसवर उकळायचं नाही. भांडं कोमट पाण्यात धरलं की पुरे. आजीने वाटी-चमच्यानेच पाजावं.

काम करणाऱ्या बाईच्या बाळंतपणाचा प्रश्न बाबासाहेबांनी फार आधी ओळखला होता. २८ जुलै १९२८ रोजी मुंबई विधिमंडळात प्रसूती लाभ विधेयकाच्या बाजूने ते बोलले. बाळंतपणाच्या आधी आणि नंतर आईला विश्रांती मिळणं हे देशाच्या हिताचं आहे आणि त्याचा मोठा भार सरकारने उचलावा, अशी त्यांची भूमिका होती. १९२९ मध्ये मुंबई प्रांतात तसा कायदा झाला. पुढे १९६१ चा देशाचा कायदा आला. २०१७ च्या दुरुस्तीने पहिल्या दोन मुलांसाठी २६ आठवड्यांची भरपगारी रजा मिळाली. ५० किंवा जास्त कामगार असतील तिथे पाळणाघर सक्तीचं झालं. बाळ १५ महिन्यांचं होईपर्यंत पाजण्यासाठी रोज दोन वेळा सुट्टी देणं हाही कायद्याचा भाग आहे.

पण धुणीभांडी करणारी, कचरा वेचणारी, नाक्यावरची आपली बाई या कायद्याच्या बाहेरच राहते. त्या मावशीला चाळिसाव्या दिवशी कामावर जावं लागलं ते याच कारणाने. कंत्राटावरच्या बायांनी मात्र हाजिरी आणि पगाराची पावती जपून ठेवावी, अनेकींना हा हक्क लागू असतो आणि माहीत नसतो. प्रधानमंत्री मातृवंदना योजनेत पहिल्या बाळासाठी ५,००० रुपये आणि दुसरी मुलगी झाल्यास ६,००० रुपये मिळतात. बांधकाम कामगार मंडळात नोंदणी असेल तर बाळंतपणाला वेगळं साहाय्य आहे. सरकारी दवाखान्यात बाळंतपण, सिझर, औषधं आणि आजारी बाळाचे वर्षभराचे उपचार मोफत आहेत. दवाखान्यात बाळंतपण झालं असेल तर आशाताईने ४२ दिवसांत सहा वेळा घरी यायचं असतं. ती आली नाही तर बोलवा.

आणखी एक लक्षात ठेवा. दोन वर्षांच्या आतल्या बाळांच्या दुधाच्या पावडरीची, बाटल्यांची जाहिरात करायला, फुकट नमुने वाटायला १९९२ च्या कायद्याने बंदी आहे. कोणी फुकट डबा हातात दिला, तर तो उपकार समजू नका.

घरातल्यांनी काय करायचं?

दूध आईने पाजायचं, पण आईला सांभाळायचं घराने. नवऱ्याने पाणी भरावं, बाळाचे लंगोट धुवावेत, रात्री बाळाला उचलून आईजवळ द्यावं. यात कमीपणा नाही. सासूबाईंनी सुनेच्या ताटात वाढताना हात आखडू नये. शेजारणींनी वाटून घ्यावं: आज हिने तिच्या घरची भाकरी थापली, उद्या तिने मोठ्या पोराला शाळेत सोडलं. महिला मंडळाने वंदनेनंतर दहा मिनिटं काढून गल्लीत कोण बाळंतीण आहे, तिला कसली अडचण आहे, हे विचारावं. विहारातली एखादी खोली दुपारी पाळणाघरासाठी देता येईल का, याचाही विचार व्हावा.

सहा महिन्यांनंतर मऊ वरण-भात, कुस्करलेलं केळं, उकडलेलं अंडं सुरू करा. नुसतं वरणाचं पाणी नको. अंगावरचं दूध दोन वर्षं किंवा पुढेही चालू ठेवा.

इथे थांबू नका, दवाखाना गाठा

बाळ: छातीला ओढत नाही, सुस्त पडलं, ताप आहे किंवा अंग गार पडलं, श्वास मिनिटाला ६० किंवा जास्त, छाती आत ओढली जाते, तळहात-तळपाय पिवळे, झटके, बेंबीतून पू.

आई: तासाभरात कापड भिजेल इतका रक्तस्राव, ताप, घाण वास येणारा स्राव, डोकं फार दुखून अंधारी, एका पायाला सूज आणि वेदना. दोन आठवड्यांहून जास्त उदास राहणं, सारखं रडू येणं, बाळ नकोसं वाटणं हाही आजारच आहे, नाटक नाही. त्यावर उपचार होतात.

गाडीसाठी १०२ किंवा १०८ ला फोन करा.

ते पत्र्याच्या खोलीतलं बाळ आता रांगतं. परवा गेलो तर त्याची आजी शेजारच्या नव्या बाळंतिणीच्या उशाशी बसली होती. “डबा नको आणू गं पोरी,” ती सांगत होती, “तू पाज, तुझी भांडी मी घासते.”

जयभीम.